चौऱ्याऐंशी नंबरची जर्सी

हातात दिलेली वस्तू आमचे घरमालक घेत नसत. ती फेकावी लागे.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये आम्ही टेक्सासमधल्या शुगर लँडला राहायला आलो. भाड्याच्या घराची किल्ली घ्यायला मी शेजारी त्यांच्या दारात गेलो. मी हात पुढे केला, तर ते चार पावलं मागे सरकले आणि तिथून किल्ली माझ्याकडे उडवली. ती माझ्या बोटांना लागून गवतात पडली. मी वाकून शोधत होतो आणि ते कमरेवर हात ठेवून वरून बघत होते.

"पोरा, तू किल्ली सोडून माझ्याकडे बघत होतास," ते म्हणाले. "मी कुठे जाणार होतो?"

त्यांचं बोलणं टेक्सासच्या सावकाश इंग्रजीतलं. इथे मी ते मराठीत लिहितो आहे. ते तेव्हा ऐंशीला टेकलेले होते. सव्वासहा फुटांचे, पाठ ताठ, उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून बाहेर वळलेली. बायको आधीच गेलेली. आयुष्यभर त्यांनी भातशेतीचं पाणी उपसायचे पंप विकले होते आणि त्यातून शेजारी-शेजारी दोन घरं घेतली होती. एकात ते राहत, दुसऱ्यात आम्ही. पुढे तिसऱ्या वर्षी ते घर मी त्यांच्याकडून विकतच घेतलं, पण आमच्या घरात त्यांचं नाव 'मालक' पडलं ते पडलंच. आमच्या मुलीला ते त्यांचं खरं नाव वाटायचं. ती त्यांना 'मिस्टर मालक' म्हणायची आणि ते ओ द्यायचे.

तर फेकण्याचं. संत्री, टपाल, पान्हा, काहीही त्यांच्याकडे फेकायचं आणि त्यांनी ते झेलायचं. माझी फेक कितीही वाईट असली तरी त्यांच्या हातून काही सुटलेलं मी पाहिलं नाही. फक्त माझ्या बायकोनं हे ऐकलं नाही. पहिल्या गणपतीत ती मोदक घेऊन गेली, तर हे अंगणाच्या पलीकडच्या टोकाला उभे, दोन्ही पंजे छातीशी उघडे.

"मॅम, टाका."

"नाही सर. हा प्रसाद आहे. तो टाकत नाहीत."

"मी सोडणार नाही."

"तुम्ही सोडाल म्हणून नाही. मी वडीलधाऱ्या माणसाच्या अंगावर देवाचं खाणं भिरकावणार नाही म्हणून."

दोघं बराच वेळ तशीच उभी. शेवटी त्यांनी हात शर्टाला पुसले, चालत आले आणि दोन्ही हातांत मोदक घेतला. तेव्हापासून तिच्या हातून ते घेत. बाकी जगानं फेकावं.

ही सवय कुठून आली ते शेजाऱ्यांकडून कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईहून परतल्यावर ते सरकारी मदतीवर पुन्हा कॉलेजात गेले आणि तिथे फुटबॉल खेळले. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, तो इथला, लांबट चेंडूचा. त्यात एकजण चेंडू फेकतो आणि दुसरा पुढे धावत जाऊन तो झेलतो. हे झेलणारे. इथून अडीच तासांवरच्या त्या छोट्या कॉलेजात लढाईनंतरच्या तीन हंगामांत त्यांनी जे झेल घेतले, त्यांचा विक्रम अजून कोणी मोडला नव्हता.

माझी नोकरी तेलकंपनीत, खर्चाचे अंदाज काढण्याची. आकडा दिसला की तो तपासून पाहायची खोड आहे. मी वाचनालयात बसून त्यांचे आकडे काढले आणि आजच्या खेळाडूंच्या शेजारी मांडले. त्या काळात चेंडू फेकणं हा अगदी नाइलाजाचा उपाय होता. सगळे चेंडू काखोटीला मारून धावतच पुढे जात. तरीही यांचे आकडे आजच्या मुलांच्या जवळ जात होते. मी मोठ्या उत्साहानं त्यांना हे सांगितलं.

"यात वारा धरलास?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चिखल?"

"तो कसा धरणार?"

"मग तुझी बेरीज बरोबर असेल," ते म्हणाले, "पण ती माझी नाही."

शनिवारी दुपारी ते गॅरेजचं दार उघडं टाकून, बागेतल्या खुर्चीत बसून सामना बघत. टीव्ही लहान, आवाज बंद. बाहेर हवा नुसती वाफाळलेली, पण पंखा लावणार नाहीत. मला शेजारच्या खुर्चीत बसवत आणि शिकवत. "चेंडूकडे सगळेच बघतात. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे बघ. तो काय करतोय ते बघ." आजचे खेळाडू चिकट हातमोजे घालतात याचा त्यांना मनापासून राग होता. एकदा आमच्याकडे जेवायला बसले असताना त्यांनी मला वरणभात कालवताना बराच वेळ न्याहाळलं.

"हातमोजे घालून हे खाशील?"

"नाही."

"बघ. तुम्हा लोकांना कळतं." आणि काटा बाजूला ठेवून त्यांनीही हात घातला. भात बराचसा शर्टावर सांडला, पण ते खूश होते.

कॉलेजनंतर उत्तरेकडच्या एका व्यावसायिक संघानं त्यांना बोलावलं होतं. ते उन्हाळाभर राहिले आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच परत आले. का, हे मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले थंडी फार होती. एकदा म्हणाले जेवण वाईट होतं. तिसऱ्यांदा म्हणाले, "एका जागेला दहाजण होते. बाकीच्या नऊ जणांना ती जास्त हवी होती." यातलं खरं कोणतं ते मला माहीत नाही. तिन्ही असतील.

दोन हजार सहाच्या वसंतात वर्तमानपत्रात बातमी आली. त्यांचं कॉलेज येत्या ऑक्टोबरात त्यांचा चौऱ्याऐंशी नंबर निवृत्त करणार होतं. इथे खेळाडूला द्यायचा हा सर्वांत मोठा मान. त्याचा नंबर पुढे कोणी घालायचा नाही. जर्सी चौकटीत घालून भिंतीवर लावायची, कायमची. मला फार आनंद झाला. मी लगेच आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. हे मूळचे नागपूरचे, चाळीस वर्षांपूर्वी आलेले, आता निवृत्त झालेले डॉक्टर. सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणतात.

"का सांगता!" डॉक्टरकाका ओरडले. "शेजारी एवढा मोठा माणूस, अन् तुम्ही त्याला नुसता वरणभात खाऊ घालून राहिले? पाडव्याच्या कार्यक्रमात सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं."

"त्यांना विचारतो आधी."

"सत्कार विचारून करतात का जी? विचारलं तर माणूस नाहीच म्हणते."

मलाही ते पटलं. आपल्याकडे ही रीतच आहे. कुणाचं काही चांगलं झालं की त्याला कळायच्या आत आपण शाल आणून ठेवतो. मालकांना मी फक्त "जेवण आहे, चला" एवढंच सांगितलं.

कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. मालक कोट घालून आले, पहिल्या रांगेत बसले आणि एक तास चाललेलं गाणं मान न हलवता ऐकलं. मग डॉक्टरकाका माइकवर गेले. त्यांनी चौऱ्याऐंशी या अंकाचं माहात्म्य सांगायला सुरुवात केली. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून जीव मनुष्यजन्माला येतो आणि आज आपल्यासमोर साक्षात तोच अंक, वगैरे. मालकांनी माझ्याकडे झुकून विचारलं, "हा माझ्याबद्दल बोलतोय का?"

"थोडंफार," मी म्हणालो.

त्यांना वर बोलावलं. शाल खांद्यावर पडली. डॉक्टरकाका नारळ घेऊन पुढे आले तसे हे सवयीनं चार पावलं मागे सरकले. डॉक्टरकाका पुढे, हे मागे, असं करत दोघं पडद्यापर्यंत गेले. शेवटी डॉक्टरकाकांनी तो त्यांच्या पोटाशी दाबलाच. त्याबरोबर मालकांनी नारळ डाव्या काखेत सरकवला, कोपर बरगडीशी आवळलं आणि वरून पंजानं झाकला. आमच्या मंडळात अडचण अशी की सत्कार पाच होते आणि नारळ तीन. त्यामुळे प्रत्येक सत्कारमूर्तीकडून तो हळूच परत घ्यायचा असतो. हे काम करणाऱ्या बाई पुढे आल्या, त्यांनी हसत हसत नारळ ओढला, मग न हसता ओढला. तो हलेना.

"अहो, सोडत नाहीयेत ते," त्या मागे वळून म्हणाल्या.

"राहू द्या, राहू द्या," डॉक्टरकाका म्हणाले. "मागून एक कमी करू."

मग मालक माइकजवळ गेले. सभागृह हसत होतं. ते हसणं थांबेपर्यंत ते थांबले.

"तुम्ही फार चांगली माणसं आहात," ते म्हणाले, "पण माणूस चुकीचा धरलात. तो नंबर माझा नाही."

आणि मग मी पाच वर्षांत एकदाही न ऐकलेली गोष्ट त्यांनी पाच मिनिटांत सांगितली. त्यांच्या गावचा एक मित्र होता. शाळेपासूनचा. लढाईच्या आधी त्याच कॉलेजात चौऱ्याऐंशी नंबर तो घालायचा आणि हे बाकावर बसायचे. दोघंही लढाईवर गेले. मित्र पॅसिफिकमधल्या एका बेटावरून परत आला नाही. हे आले, पुन्हा कॉलेजात गेले, तर कपडे वाटणाऱ्या माणसानं यांच्या मापाची तेवढी एकच जर्सी आहे म्हणून तीच यांच्याकडे फेकली. कोपरावर मित्राच्या आईनं घातलेला रफू तसाच होता. हे म्हणाले, ही त्याची आहे. कपडेवाला म्हणाला, त्याला आता लागणार नाही.

"म्हणून मी घातली," मालक म्हणाले. "त्यानं दोन हंगाम घातली, मी तीन. ज्याची त्याला परत देता आली नाही, म्हणून मी पुढच्याला दिली. आता ती भिंतीवर माझ्या नावानं लावायची म्हणतात. मी त्यांना कारण सांगून नाही म्हणून कळवलंय. जेवण वाढा, मुलं भुकेली आहेत."

कोणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. मी तर खाली बघत होतो. डॉक्टरकाका मात्र एक क्षणच थांबले. मग टेबलाकडे वळून म्हणाले, "दुसरा नारळ आणा."

"काका, दोनच उरलेत," त्या बाई म्हणाल्या.

"आणा म्हणतो ना."

तो नारळ त्यांनी मालकांच्या उजव्या हातात ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाले, "हा तुमच्या मित्राला. आमच्याकडून." मालक दोन नारळ आणि शाल घेऊन जागेवर येऊन बसले आणि जेवण होईपर्यंत त्यांनी कोणताच खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गाडी घेऊन आपल्या मूळ गावी गेले. तिथे कोर्टाच्या हिरवळीवर लढाईत गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. त्याच्या पायाशी नारळ ठेवला. हवालदारानं येऊन विचारलं, हे काय आहे. यांनी सांगितलं, "सत्कार." शब्द त्यांनी मला विचारून घेतला होता. हवालदारानं तो नारळ तिथेच राहू दिला म्हणे.

कॉलेजनं मात्र त्यांचं 'नाही' मनावर घेतलं नव्हतं. म्हातारी माणसं आधी नाही म्हणतात, असं त्यांनाही वाटलं असावं. जुलैत खेळ विभागाची एक अधिकारी बाई त्यांना राजी करायला आली. तरुण होती, नम्र होती. बरोबर काचेची मोठी चौकट आणि तीत चौऱ्याऐंशी नंबरची जर्सी. मालकांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "तू आकडेवाला आहेस, बस इथे," मला म्हणाले. बायकोला काही म्हणाले नाहीत, फक्त खुर्ची दिली.

त्यांनी चौकट उलटी केली, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मागची फळी उघडून जर्सी बाहेर काढली. ती कोपरावर चाचपली.

"ही कोणी घातली होती?"

"कोणी नाही सर. ही नमुना म्हणून नवी शिवून घेतली आहे."

"मग हिला कशातून निवृत्त करताय?"

बाई गोंधळली. तिनं समजावलं की मित्राचंही नाव भिंतीवरच्या पाटीवर घालता येईल. दोघांची नावं, मोठ्या अक्षरांत. पण नंबर तर काढून ठेवावाच लागेल, कारण कॉलेजच्या अध्यक्षांनी तसं जाहीर केलं आहे. आणि तसं नसेल तर हा मानच रद्द होईल. मग पाटीही नाही आणि नावंही नाहीत. तुमचंही नाही आणि त्यांचंही नाही.

हे ऐकल्यावर मालक पहिल्यांदाच अडखळले. त्यांना स्वतःच्या नावाचं काही वाटत नव्हतं, हे मला पाच वर्षांत कळलं होतं. पण मित्राच्या काळात झेलांची नोंद कोणी ठेवत नव्हतं. मी शोधलं होतं. कॉलेजच्या कुठल्याच आकड्यांत तो माणूस नव्हता. त्याचं नाव कॉलेजात कुठे लागायचं असेल तर आत्ताच, आणि त्याची किंमत म्हणजे नंबर बंद. ते जर्सी मांडीवर घेऊन बसून राहिले. मी म्हणालो, "सर, नाव लागू द्या. नंबर काय, आकडा आहे, दुसरा घेतील."

माझ्या बायकोला ते आवडलं नाही. ती माझ्याकडे न बघता त्या बाईकडे वळली.

"माझ्या आईची लग्नातली रेशमी साडी माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "खराब होऊ नये म्हणून मी लग्नानंतर ट्रंकेत ठेवली. फार जपली. आठ वर्षांनी उघडली तर घडीघडीवर चिरली होती. घडीवरच विरते ती. माझी आई ती दर सणाला नेसायची, पोळ्या लाटताना नेसायची, तेव्हा तिला काही झालं नव्हतं."

त्या बाईनं विचारलं, "मग आता ती कुठे आहे?"

"ट्रंकेतच. आता नेसता येत नाही आणि टाकवतही नाही."

बाई मग म्हणाली, माझ्या आजीच्या लग्नाचा झगा खोक्यात आहे, मी अजून उघडलेला नाही. आणि मग, "मला अध्यक्षांशी बोलून बघावं लागेल."

"त्यांना सांगा," मालक म्हणाले, "कपडा घालायला असतो. दरवर्षी एकाला द्या. देताना त्याला माझ्या मित्राचं नाव सांगा. माझंही सांगायचं असेल तर नंतर सांगा. आणि मला भाषण करायला लावू नका." एवढं बोलून त्यांनी जर्सीची घडी केली आणि दारातून बाहेर पडणाऱ्या बाईकडे फेकली. तिनं ती झेलली. "बघ," मला म्हणाले, "ती माझ्याकडे बघत नव्हती."

सप्टेंबरात कळवलं गेलं की अध्यक्ष तयार झाले.

ऑक्टोबरात आम्ही तिघं गेलो. मी गाडी चालवत होतो, ते पुढे, बायको मागे. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि मैदान ओलं होतं. मध्यंतरात कर्ण्यावरून घोषणा झाली. आधी मित्राचं नाव वाचलं गेलं, मग यांचं. मग सांगितलं की चौऱ्याऐंशी नंबर या कॉलेजात यापुढेही घातला जाईल. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि आजूबाजूला यांना शोधू लागले. मालक शेंगदाणे सोलत बसून होते.

"सर, उठा ना," मी म्हणालो. "तुमच्यासाठी आहे."

"नावं दोन वाचली. एकट्यानं उठलं की बरं दिसत नाही."

टाळ्या संपल्या. खेळ सुरू झाला. उरलेल्या खेळाच्या सुरुवातीलाच त्या वर्षी चौऱ्याऐंशी घातलेला मुलगा एकटा मोकळा सुटला, पुढे कोणी नाही. चेंडू अगदी सरळ त्याच्याकडे आला, दोन्ही हातांत बसला आणि हातांतून निसटून चिखलात गेला. मुलगाही त्याच्यामागे तोंडावर पडला. सगळं मैदान कण्हलं. आमच्या मागचा माणूस मोठ्यानं म्हणाला, "म्हणूनच तो नंबर भिंतीवर लावायला हवा होता."

तेव्हा मालक उठले. शेंगदाण्यांची पिशवी मांडीवरून खाली सांडली. सव्वासहा फूट सरळ उभे राहून ते त्या वाकड्या बोटांनी टाळ्या वाजवू लागले. बाकी कोणीही वाजवत नव्हतं. मागून आरडाओरडा झाला की म्हातारबा, बसा, दिसत नाही.

"सर, बसा," माझी बायको म्हणाली. "मागच्यांना दिसत नाहीये."

"मॅम, ज्याच्याकडे बघायला हवं त्याच्याकडेच मी बघतोय," ते म्हणाले आणि वाजवत राहिले.

खाली तो मुलगा उठला. हात मांड्यांना पुसत, मान खाली घालून परत रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या छातीवर चिखलाचा मोठा पट्टा आला होता आणि आकड्यातला चार निम्मा दिसत नव्हता.